दोनाचे पाच, पाचाचे दोन

मंडळी, खरं तर या वीकांताला लिहायचं होतं वेगळंच काहीतरी. पण गेले तीन शनिवार-रविवार मी हॉलमध्ये फरशीवर मांडी ठोकून वायरी सोलतोय, खुर्चीवर चढून भिंतीला भोकं पाडतोय, आणि आईच्या भाषेत 'घराचं गोडाऊन' करतोय. डोक्यात दुसरं काही शिल्लकच नाही. तेव्हा आजचा विषय आवाज. ज्यांना यात रस नाही त्यांनी सरळ पुढच्या रविवारी यावं, राग नाही :-)

झालं असं की दिवाळीच्या बोनसातून घरात ५.१ आली. पुढे तीन स्पीकर (डावा, उजवा आणि मधला), मागे दोन, आणि तो एक काळा ठोकळा, सबवूफर. त्याला बिचाऱ्याला '.१' एवढीच किंमत, कारण त्याच्या चॅनलमध्ये आवाजाच्या अख्ख्या पट्ट्यातला फक्त तळाचा, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा भाग असतो. हापिसात बातमी फुटल्यावर पहिला प्रश्न आला, "तुझी सगळी गाणी स्टिरीओ. मग उरलेले तीन स्पीकर काय शोभेला?" प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येऊच. पण याच्या उलटा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि त्रास मात्र सगळ्यांना त्याचाच होतो. सिनेमा ५.१ मध्ये बनवलेला आणि तुमच्या टीव्हीला स्पीकर दोन. मग बाकीचे आवाज जातात कुठे?

आधी त्या रोजच्या दुखण्याबद्दल. रात्री जेवणं आटोपून सिनेमा लावला की आमच्याकडे रिमोट एका हातात तयार ठेवावा लागायचा. नायक-नायिका कुजबुजायला लागले की आवाज ३५ वर. पुढच्या मिनिटाला गाडी उडाली की खालच्या मजल्यावरच्या काकूंची आठवण होऊन आवाज १२ वर. परत कुजबुज, परत ३५. तुमच्याकडेही हेच चालत असणार, नाही म्हणू नका. लोक याला 'हल्लीच्या नटांना नीट बोलता येत नाही' असं म्हणतात. नटांचा दोष थोडाफार असेलही. पण बरीचशी गंमत गणितात आहे.

ओटीटीवरच्या सिनेमांचे साउंडट्रॅक बरेचदा पाच-सहा चॅनलचे असतात. टीव्हीचे स्पीकर दोन, तेही बारीक, आणि पुष्कळदा खाली नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसवलेले. मग कुठेतरी, ॲपमध्ये किंवा टीव्हीच्या आत, पाचाचे दोन केले जातात. याला डाउनमिक्स म्हणतात आणि त्याचं अख्खं गणित एका ओळीत मावतं:

नवा डावा = डावा + ०.७०७ × मधला + ०.७०७ × मागचा डावा

उजव्याचंही तसंच. हा ०.७०७ म्हणजे दोनाच्या वर्गमुळाने एकाला भागल्यावर येणारा आकडा. मधल्या स्पीकरचा आवाज दोघांत वाटायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी शक्ती यायला हवी, आणि शक्ती अर्धी करायची तर तरंगाची उंची ०.७०७ पट करावी लागते. डेसिबलच्या भाषेत उणे ३. हे आकडे आयटीयूच्या बीएस ७७५ नावाच्या शिफारशीत दिलेले आहेत आणि बहुतेक सगळी सॉफ्टवेअरं तेच डोळे मिटून वापरतात. आता १ + ०.७०७ + ०.७०७ म्हणजे झाले २.४१४. तिन्ही चॅनल एकाच क्षणी टिपेला गेले तर बेरीज मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटणार. म्हणून पुष्कळ प्रोग्रॅम आधीच सगळ्याला २.४१४ ने भागून टाकतात. म्हणजे सगळा सिनेमा साडेसात-पावणेआठ डेसिबलने हळू. डाउनमिक्स केलेली फाईल कायम 'दबलेली' का वाटते त्याचं हे एक साधं कारण. आणि सबवूफरचं चॅनल? ते साधारणपणे सरळ टाकून दिलं जातं. दोन इंची स्पीकरने भूकंप वाजवायचा प्रयत्न करण्यापेक्षा ते बरंच.

पण नीट बघितलंत तर या गणितात मधल्या चॅनलवर, म्हणजे संवादांवर, काही अन्याय झालेला नाही. त्यांची शक्ती जेवढ्यास तेवढी आहे. मग ऐकू का येत नाहीत?

एक कारण असं की सिनेमाचं मिक्सिंग मोठ्या आवाजाच्या हिशोबाने केलेलं असतं. थेटरात कुजबुजसुद्धा कानापर्यंत व्यवस्थित पोचते आणि स्फोट पोटात जाणवतो. तीच दरी आपण घरी पंख्याच्या आणि कुकरच्या शिट्टीच्या वरती अर्ध्या आवाजात मांडायला जातो. रिसीव्हरवर 'नाईट मोड' म्हणून जे बटण असतं ते ही दरी बुजवतं. ते वापरत जा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लग्नाच्या पंगतीत बसलेले असताना आजूबाजूला शंभर लोक बोलत असतात, मागे सनई, वाढप्यांची आरडाओरड, तरी समोरच्या मामांचं बोलणं तुम्ही बरोबर वेचून काढता. १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने याला 'कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम' असं नाव दिलं. (पंगत त्याने बघितली नसावी.) दोन कानांना आवाज वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जोराने पोचतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अगदी एका बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा फार तर मिलिसेकंदाचा दोन-तृतीयांश भाग आधी पोचतो. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा काढतो, आणि दिशा वेगळी काढता आली की त्या दिशेचं बोलणं गोंगाटातून उचलता येतं. ५.१ मध्ये पाऊस मागे असतो, संगीत बाजूंना आणि माणूस समोर. डाउनमिक्समध्ये पाऊस, संगीत आणि माणूस सगळे त्याच दोन भोकांतून बाहेर पडतात. एकही आवाज हरवलेला नसतो, हरवलेली असते फक्त प्रत्येकाची जागा.

आणि हे उलटं फिरवता येत नाही. एकदा कणीक मळली की पीठ एकीकडे आणि पाणी एकीकडे कसं करणार?

आता इथे मला बाबांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरं म्हणजे हे सगळं रामायण त्यांच्यामुळेच. बाबांना सातव्या वर्षी गालगुंड झालं आणि त्यात डावा कान गेला. पूर्ण. गालगुंडाने असं एका बाजूचं बहिरेपण येऊ शकतं, ते पुस्तकांतही लिहिलेलं असतं, पण त्या काळी गावात कुणाला ते समजलंसुद्धा नाही. पोरगं हाक मारल्यावर भलतीकडे बघतं म्हणून मास्तरांचा मार खाल्ला, तो वेगळाच. उजवा कान मात्र खणखणीत होता. त्या एका कानावर बाबांनी नोकरी केली, संसार केला, आणि गाणी तर इतकी ऐकली की कुठल्या गाण्यात कुठे व्हायोलिन येतं ते त्यांना विचारावं.

पण माणसाला कान एक असला की दिशा जवळजवळ कळतच नाही. म्हणजे बाबा जन्मभर डाउनमिक्समध्येच राहतायत. पंगतीत त्यांना समोरच्या मामांचं बोलणं वेचता येत नाही. ते नुसतं हसून मान डोलावतात, आणि मग घरी आल्यावर हळूच आईला विचारतात, "तो काय म्हणत होता गं?" गेल्या दोन-तीन वर्षांत उजव्या कानाचंही वय दिसायला लागलंय. डॉक्टरांनी तपासून वरच्या पट्टीतला थोडा भाग गेल्याचं सांगितलं. आम्ही सिनेमा लावला की बाबा आधी पंधरा मिनिटं बसायचे, मग पेपर हातात घ्यायचे, मग 'तुम्ही बघा, मला झोप येते' म्हणून आत. झोप-बिप काही नसायची. आतला दिवा बारापर्यंत चालू दिसायचा.

असो.

तर आता हापिसातला प्रश्न, दोनाचे पाच कसे करतात? त्यासाठी थोडं मागे जाऊ. स्टिरीओचं मूळ पेटंट ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये दाखल केलं. त्यातली एक युक्ती आजही सगळीकडे कामाला येते. डावा आणि उजवा असे दोन सिग्नल घ्या. त्यांची बेरीज केली तर जे दोघांत सारखं आहे ते ठळक होतं. वजाबाकी केली तर जे सारखं आहे ते कटून जातं आणि फक्त फरक उरतो. गाण्यात गायिका सहसा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखी. बेरजेत ती असते, वजाबाकीत ती गायब.

हे हॉस्टेलवर आम्ही करून पाहिलं होतं. १९७० च्या सुमारास डायनाको कंपनीच्या डेव्हिड हाफलर यांनी एक बिनखर्ची जोडणी लोकप्रिय केली. तिसरा स्पीकर घ्यायचा आणि त्याची एक वायर डाव्या स्पीकरच्या धन टोकाला, दुसरी उजव्याच्या धन टोकाला. बास. ॲम्प्लिफायरच्या ऋण टोकाशी त्याचा संबंधच नाही. म्हणजे त्या स्पीकरला मिळतं ते डावा वजा उजवा. तपकीर गल्लीतून दीडशे रुपयांचा स्पीकर आणून आम्ही तो कपाटावर ठेवला आणि गाणं लावलं. पुढून गायिका गातेय, आणि कपाटावरून तिच्या आवाजाची फक्त घुमणारी सावली, मधे मधे व्हायोलिनं, टाळ्या. रूम पार्टनरने झोपेतून उठून 'भूत आहे का बे?' असं विचारलं होतं. (सावधान, हल्लीचे बरेच छोटे ॲम्प्लिफायर आतून वेगळ्या जोडणीचे असतात, त्यांच्यावर हा प्रयोग केलात तर धूर निघू शकतो. जुन्या, दोन्ही चॅनलांचं ऋण टोक एकच असलेल्या ॲम्प्लिफायरवरच करा.)

डॉल्बीवाल्यांनी सिनेमासाठी जे केलं ते याच घराण्यातलं. १९७० च्या दशकात फिल्मच्या कडेला दोनच ट्रॅकची जागा होती आणि त्यात चार चॅनल कोंबायचे होते, डावा, मधला, उजवा आणि मागचा. मधला दोन्ही ट्रॅकमध्ये सारखा टाकला. मागचा दोन्हीकडे टाकला, पण एकमेकांच्या उलट, एकीकडे वर जातो तेव्हा दुसरीकडे खाली. १९७७ चा 'स्टार वॉर्स' असाच दोन ट्रॅकमध्ये चार आवाज घेऊन गावोगावच्या थेटरांत गेला. उलगडताना बेरीज केली की मधला मिळतो, वजाबाकी केली की मागचा.

वाटतं तितकं सरळ नाही अर्थात. दहावीला एकसामयिक समीकरणं होती आठवतंय? दोन समीकरणं असतील तर दोनच चलांच्या किमती निघतात. इथे दोन समीकरणं आणि चार चल. उत्तर एकमेव नसतंच. नुसती बेरीज-वजाबाकी केली तर शेजारच्या दोन स्पीकरांमध्ये फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ सगळीकडून सगळंच. मग १९८७ मध्ये घरच्यांसाठी प्रो लॉजिक आलं. त्यात सर्किट सतत बघत राहतं की या क्षणी सगळ्यात जोरदार आवाज कुठल्या दिशेचा आहे, आणि त्या दिशेला जोर देऊन बाकीच्यांतून तो वजा करतं. सरळ सरळ पैज लावणं आहे हे. एका वेळी एकच माणूस बोलत असेल तर पैज जिंकते. सगळे एकदम बोलायला लागले की गोंधळ. शिवाय मागच्या स्पीकरला पंधरा-वीस मिलिसेकंद उशीर मुद्दाम लावतात. कारण आपला मेंदू जो आवाज आधी पोचतो त्याचीच दिशा खरी मानतो. त्यामुळे संवाद चुकून थोडा मागे गळला तरी माणूस समोरच बोलतोय असं वाटतं. हा परिणाम हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात मांडला. मला अख्ख्या प्रकारातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. चूक दुरुस्त न करता ती ऐकणाऱ्याला कळूच नये अशी सोय! आमच्या क्लायंटला हे तंत्र फार आवडेल.

२००० मध्ये प्रो लॉजिक टू आलं, त्याने मागेही डावा-उजवा वेगळा केला आणि साधी स्टिरीओ गाणीसुद्धा बऱ्यापैकी पसरवली. आता संगणकावर हेच काम आवाजाचे बारीक बारीक पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याची दिशा वेगळी काढून करतात. एफएफएमपेगमध्ये तसला फिल्टर फुकट आहे. पैज तीच, फक्त एकाऐवजी हजार.

मग मोनो गाण्यांचं काय? १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण घरोघरी पोचलं ते एका स्पीकरमधून. तसलं मोनो रेकॉर्डिंग प्रो लॉजिकला दिलं की डावा आणि उजवा तंतोतंत सारखे, वजाबाकी शून्य. सगळा आवाज मधल्या स्पीकरमधून येतो आणि उरलेले चार गप्प. आमच्याकडे पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई म्हणाली, "एवढे पैसे घातलेस आणि चार बंदच?" तिला म्हटलं, अगं, तेच बरोबर आहे, एकच माईक होता तर आवाज एकाच जागेवरून यायला हवा. तिला पटलेलं नाही.

तसे मोनोला जबरदस्तीने स्टिरीओ करायचे उद्योग जुने आहेत. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने १९६० च्या दशकात ड्युओफोनिक नावाने तबकड्या काढल्या होत्या. एका बाजूला खर्जाचा भाग, दुसरीकडे तारसप्तकाचा, आणि मधे थोडा उशीर. ऐकताना बोगद्यात बसल्यासारखं वाटतं. आपल्याकडे 'मुग़ल-ए-आज़म' २००४ मध्ये रंगीत होऊन परत आला तेव्हा वेगळी वाट निवडली. जुने गाते गळे तसेच ठेवले आणि नौशाद यांच्या देखरेखीखाली पार्श्वसंगीत सहा ट्रॅकसाठी नव्याने वाजवून घेतलं. याला मी अपमिक्स म्हणणार नाही, पण निदान खोटेपणा नाही. आता तर यंत्रं शिकवून मळलेल्या कणकेतून पीठ वेगळं काढायला निघालेत. २०२२ मध्ये बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' अशाच तंत्राने वाद्यं सुटी करून नव्याने मिसळला गेला. मेटाच्या संशोधकांनी खुलं केलेलं डीमक्स मी एका जुन्या भावगीतावर चालवलं. तबला सुरेख सुटा झाला. पण पेटी आणि गळा एकाच पट्टीत हातात हात घालून चाललेले असतात, तिथे बिचारं यंत्र अडखळतं. अर्धी पेटी गळ्याबरोबर गेली आणि गळ्याचे काही 'स' पेटीबरोबर. विलायती गाण्यांवर शिकलेल्या यंत्राला पेटी म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नसावं.

परत बाबांकडे.

पहिल्या शनिवारी पाची स्पीकर लागले आणि मी त्यांना बरोबर मध्ये बसवलं. हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडे गेलं, मागून पुढे आलं. ताई टाळ्या वाजवत होती. बाबा म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे." एवढंच. मग जरा वेळाने म्हणाले, "७७ साली तुझ्या मामाबरोबर मुंबईला मिनर्व्हात 'शोले' बघितला होता. बाहेर आल्यावर तो सारखा सांगत होता, ते नाणं कसं थेटरभर फिरलं. मी म्हटलं हो हो, काय फिरलं!" आणि हसले. हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

फिरणारं हेलिकॉप्टर काही मी त्यांना देऊ शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी बातम्या लागल्या होत्या, साधा स्टिरीओ आवाज, आणि रिसीव्हर चुकून प्रो लॉजिकवर राहिला होता. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "हे आज जास्त कळतंय." मी बंद केलं, परत चालू केलं, न सांगता. चार वेळा. चारही वेळा त्यांनी बरोबर सांगितलं.

याचं कारण शोधताना मजा आली. दोन स्पीकरांमधून एकच आवाज सारखा आला की तो मधोमध आल्याचा भास होतो. तिथे स्पीकर नसतोच, दोन कानांच्या तुलनेतून मेंदू तो रचतो. एका कानाला तुलना करायला दुसरा नाही. त्याला नुसते दोन आवाज पोचतात, जवळच्या बाजूचा आधी आणि लांबच्या बाजूचा साधारण पाव मिलिसेकंदाने नंतर, तोही डोक्याच्या आडोशाने जरा बोथट होऊन. पाव मिलिसेकंद उशिराने तोच आवाज परत मिसळला तर साधारण २००० हर्ट्झपाशी दोघं एकमेकांना मारतात, तिथे खड्डा पडतो. आणि 'क', 'त' ही व्यंजनं ओळखायला लागणारा ऐवज बराचसा त्याच परिसरात! हा खड्डा तुमच्या-माझ्या कानांतही पडतो, पण आपल्याला दोन कान आणि खोलीचे पडसाद मिळून तो भरून काढतात. बाबांचा भरून निघत नाही. प्रो लॉजिक मात्र तो दोघांत सारखा असलेला आवाज उचलून खऱ्याखुऱ्या मधल्या स्पीकरमध्ये टाकतं. एक स्पीकर, एक वाट, एक कान. खड्डा नाही.

म्हणजे सराउंडसाठी काढलेलं तंत्र आम्हाला उपयोगी पडलं ते पुढच्या एका डब्यासाठी. मागच्या दोन स्पीकरांसाठी भिंतीत पाडलेली आठ भोकं तूर्तास माझ्या आणि ताईच्या करमणुकीची.

त्यानंतर मी जरा पद्धतशीर कामाला लागलो. बाबांची खुर्ची चार फूट डावीकडे सरकवली आणि किंचित तिरकी केली, म्हणजे उजवा कान मधल्या स्पीकरकडे येतो. (सगळ्या मापांची वाट लागली, कारण दर फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद. ती सगळी रिसीव्हरमध्ये नव्याने भरली.) मधलं चॅनल ४ डेसिबलने वर. आतल्या खोलीतल्या लॅपटॉपसाठी डाउनमिक्सचे आकडे स्वतःचे घातले, मधला १, पुढचे ०.६, मागचे ०.३, आणि सगळ्याला १.९ ने भागायचं. प्रमाणित हिशोबापेक्षा संवाद पुढच्या आवाजांच्या तुलनेत सात डेसिबलने वर येतात. सिनेमाच्या दिग्दर्शकाला आवडणार नाही कदाचित. तो आमच्याकडे राहत नाही.

फोनचा किस्सा तर राहिलाच. बाबा सकाळी फिरायला जाताना इयरफोनचं उजवं बोंडूक कानात घालतात, डावं गळ्यात लोंबतं. एक दिवस रागावून आले, "या ॲपवाल्यांनी गाणं कापलंय. सतारीचा तुकडाच नाही!" चाळीस वर्षं ते गाणं त्यांनी टेपवर ऐकलेलं, खोलीत दोन्ही स्पीकरचा आवाज एका कानापर्यंत पोचतोच. इयरफोनमध्ये डावं ते डावंच. सतार पूर्ण डावीकडे होती, ती शर्टाच्या गुंडीला ऐकू येत होती. फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या यादीत 'मोनो ऑडिओ' असं बटण असतं, ते चालू केलं. तुमच्या घरात कुणाला एका कानाने कमी ऐकू येत असेल तर आज, आत्ता ते बटण दाबा. हा लेख नंतर वाचा. सतार परत आली. फक्त एक आहे, मोनो म्हणजे बेरीज, आणि बेरजेत उलटसुलट भरलेले आवाज कटून जातात. डॉल्बीच्या जुन्या दोन-ट्रॅकवाल्या सिनेमांचा मागचा आवाज मोनोत अक्षरशः शून्य होतो. तो पाऊस बाबांना फोनवर ऐकू येणार नाही. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "पाऊस दिसतोय की."

रिसीव्हरमध्ये सेटिंग साठवायला चार जागा आहेत. एकीत 'सिनेमा', दुसरीत 'गाणी', तिसरीत 'रात्र' आणि चौथीत 'बाबा'. महिनाभरात सगळ्यात जास्त चौथीच लागलीय. आईला ती मालिकांसाठीही आवडते, कारण मागचं ढॅण-ढॅण-ढॅण कमी होतं. गेल्या शुक्रवारी आम्ही एक मराठी सिनेमा लावला. पाऊण तासाने बाबा म्हणाले, "थांब जरा, मागे घे, ती काय म्हणाली?" मी मागे घेतलं. त्यांना शब्द कळला होता, त्यातला टोमणा ताईला समजावून सांगायचा होता.

सबवूफरवर आईने मनीप्लांट ठेवलाय. पाणी बेतानं घाल एवढंच तिला सांगितलंय.